भुकेच्या हिशेबात बसेल तेवढंच

म्हाताऱ्या कुत्र्याच्या किंवा मांजराच्या किडनीची तक्रार घेऊन कोणी फोन केला, की पुण्यात कोथरूडमधल्या एक पशुवैद्य डॉक्टर पहिली सूचना फोनवरच देतात : "येताना घरातलं सगळं घेऊन या. त्याला जे जे देताय ते सगळं. डबे, बाटल्या, पुड्या, काही मागे ठेवू नका." मग तपासणीच्या टेबलावर कापडी पिशवी रिकामी होते. लिव्हर टॉनिक, लोहाचं सिरप, कॅल्शियमची गोड बाटली, सांध्यांसाठी ग्लुकोसामाइन, केसांसाठी बायोटिन, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, प्रोबायोटिकच्या पुड्या, पुनर्नवा-गोखरूच्या गोळ्या आणि सोसायटीतल्या कोणीतरी 'आमच्या टॉमीला फार गुण आला' म्हणून दिलेली बिनलेबलची पावडर. टेबलावरचा ढीग बहुतेक वेळा प्रेमाने आणि पदरमोड करून जमवलेला असतो. शेजारी वजनकाट्यावर उभ्या असलेल्या जनावराचा आकडा मात्र मागच्या वेळेपेक्षा उतरलेला असतो.

डॉक्टर मुंबईत परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकल्या. १८८६ साली सुरू झालेल्या त्या संस्थेतून बाहेर पडल्या तेव्हा त्यांच्याकडे येणारी कुत्री पार्व्हो, डिस्टेंपर आणि गोचीडतापाने आजारी असत. दहा वर्षांचं कुत्रं म्हणजे पिकलं पान, असं मालकही म्हणत आणि डॉक्टरही. आता चौदा वर्षांचा इंडी, म्हणजे देशी कुत्रा, आणि सतरा वर्षांची मांजर ही नेहमीची गिऱ्हाइकं आहेत. लसी, चांगलं खाणं आणि घरातला सुरक्षित कोपरा यांनी आयुष्य वाढवलं. वाढलेल्या आयुष्याबरोबर म्हातारपणाचे आजार आले. त्यांतला सर्वांत चिवट म्हणजे क्रॉनिक किडनी डिसीज. तो बरा होत नाही. त्याला सांभाळत जगवायचं असतं, आणि 'सांभाळायचं' म्हटलं की घरोघरी पहिला विचार सप्लिमेंटचा येतो.

किडनीचं दुखणं उशिरा कळतं. रक्त गाळणाऱ्या नेफ्रॉनपैकी साधारण दोन तृतीयांश निकामी झाले की लघवी घट्ट करण्याची ताकद जाते. पाण्याचं भांडं दोनदा भरावं लागतं, कुत्रं रात्री दोन वाजता दाराशी येऊन उभं राहतं, मांजरीच्या वाळूतले गोळे मोठे होतात. घरचे म्हणतात, उन्हाळा आहे. रक्तातलं क्रिएटिनिन रेषा ओलांडतं ते पाऊण नेफ्रॉन गेल्यावर. शिवाय क्रिएटिनिन येतं स्नायूंमधून. पाठीचा कणा हाताला लागणाऱ्या वाळक्या मांजरीत ते मुळातच कमी तयार होतं, म्हणून रिपोर्ट खोटा दिलासा देतो. २०१५च्या सुमारास एसडीएमए ही स्नायूंवर फारशी अवलंबून नसलेली चाचणी पशुवैद्यांच्या हाती आली आणि निदान काहीसं लवकर होऊ लागलं.

जगभरचे पशुवैद्य या आजाराचे टप्पे ठरवतात ते 'आयरिस' या संस्थेच्या मोजपट्टीने. इंटरनॅशनल रीनल इंटरेस्ट सोसायटी असं तिचं पूर्ण नाव. १९९८मध्ये व्हिएन्नातल्या एका परिषदेत ती स्थापन झाली. कुत्र्यात क्रिएटिनिन १.४ ते २.८ मिलिग्रॅम असेल तर दुसरा टप्पा, मांजरात १.६ ते २.८. दोघांतही २.९ ते ५.० म्हणजे तिसरा आणि त्यापुढे चौथा. पण आकडा एकदा पाहून भागत नाही. जनावराच्या अंगात पुरेसं पाणी आहे, उलट्या-जुलाब नाहीत, अशा स्थितीत पुन्हा तपासून मग टप्पा लिहायचा. लघवीतून प्रथिन किती जातं आणि रक्तदाब किती आहे, हे दोन उपप्रश्न त्याला जोडलेले असतात.

कोथरूडच्या घरांमध्ये हा हिशेब कधीकधी मजेशीर वळण घेतो. "आमच्या ह्यांचं १.८ आहे हो, आणि ह्याचं ३.१!" असं एक काकू सांगत होत्या. 'ह्यांचं' म्हणजे शेजारी बसलेल्या काकांचं, 'ह्याचं' म्हणजे त्यांच्या बारा वर्षांच्या लॅब्राडोरचं, ब्रूनोचं. माणसाची आणि कुत्र्याची मोजपट्टी वेगळी, हे डॉक्टरांनी समजावलं. पण काकांच्या स्वतःच्या औषधांच्या डब्यात फॉस्फरस अडवणाऱ्या सेव्हेलॅमरच्या गोळ्या होत्या, त्यामुळे पुढची गोष्ट त्यांना चटकन कळली.

ब्रूनोचा फॉस्फरस ६.८ होता. तिसऱ्या टप्प्यात तो ५च्या आत ठेवायचा असतो. किडनी थकली की फॉस्फरस बाहेर टाकता येत नाही. तो रक्तात साठला की पॅराथायरॉइड ग्रंथी चाळवते, हाडांतून कॅल्शियम ओढलं जातं आणि उरलेली किडनी आणखी झिजते. आता टेबलावरच्या पिशवीतलं कॅल्शियमचं गोड सिरप. ब्रूनोचे मागचे पाय लटपटतात म्हणून ते चालू होतं. डॉक्टरांनी बाटली फिरवून मागची बारीक अक्षरं काकांना वाचायला लावली : ट्रायकॅल्शियम फॉस्फेट आणि जीवनसत्त्व डी३. म्हणजे जो फॉस्फरस कमी करायचा तोच रोज सकाळी चमच्याने पोटात जात होता, आणि आतड्यातून तो अधिक शोषला जावा याची सोयही त्याच बाटलीत होती. वाढत्या पिल्लाला किंवा दूध पाजणाऱ्या कुत्रीला जे देतात, ते म्हाताऱ्या कुत्र्याला 'हाडं ठिसूळ झाली असतील' म्हणून देण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. ती बाटली पहिली बाजूला झाली.

डॉक्टर प्रत्येक डब्याला दोन प्रश्न विचारतात. याने रिपोर्टातला कोणता आकडा हलणार? आणि तो पोटात जायला जनावराची किती भूक खर्ची पडणार? पहिला प्रश्न कुठल्याही पाठ्यपुस्तकात सापडेल. दुसरा त्या दवाखान्यात शिकल्या. किडनीच्या जनावराची भूक पेन्शनसारखी असते, असं त्या पेन्शनर मंडळींना सांगतात : ठरावीक येते, वाढत नाही, आणि महिन्याचं सगळं तिच्यातच भागवावं लागतं. एक कडू पावडर अन्नावर टाकली की दोन घास कमी जातात. चार पावडरी टाकल्या तर मांजर भांडं हुंगून निघून जातं, आणि ज्या अन्नाने मळमळ झाली ते अन्न पुढे कायमचं टाळतं. हे टाळणं एकदा बसलं की सोडवणं कठीण.

भूक ज्या एका गोष्टीवर निःशंक खर्च करावी ती म्हणजे खास किडनीसाठीचं अन्न. त्यात फॉस्फरस आणि मीठ कमी, प्रथिन मोजकं पण चांगल्या प्रतीचं आणि ओमेगा-३ जास्त असतं. २००२मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी ३८ कुत्र्यांवर दोन वर्षं केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला : किडनीचं अन्न खाणाऱ्यांत युरेमियाचे, म्हणजे रक्तात कचरा साठून प्रकृती ढासळण्याचे, झटके कमी आले आणि ती जास्त जगली. तिथूनच २००६मध्ये ४५ मांजरांवरचा अभ्यास आला. साधं अन्न खाणाऱ्या गटात सुमारे २६ टक्के मांजरांना युरेमियाचा झटका आला, किडनीच्या अन्नाच्या गटात एकालाही नाही. सप्लिमेंटच्या कुठल्याही डब्यामागे इतका भक्कम पुरावा उभा नाही.

त्याआधी २०००मध्ये लंडनहून आलेला एक अभ्यास डॉक्टर नवशिक्या सहकाऱ्यांना आवर्जून वाचायला देतात. पन्नास मांजरं, किडनीचं अन्न खाणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान ६३३ दिवस, न खाणाऱ्यांचं २६४. आकडे डोळे दिपवणारे. पण 'न खाणारी' मांजरं चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. ज्या मांजरांनी ते अन्न नाकारलं किंवा ज्यांच्या मालकांना ते जमलं नाही, त्यांचाच दुसरा गट झाला होता. अन्न चांगलं म्हणून मांजर जगलं, की खाण्याइतकं धड होतं म्हणून जगलं? पुढच्या काटेकोर अभ्यासांनी अन्नाच्या बाजूने कौल दिला खरा. तरी भूक स्वतःच किती मोठी गोष्ट आहे, हे त्या पहिल्या अभ्यासाने आडून सांगून ठेवलं आहे.

पुण्या-मुंबईच्या घरात हे अन्न जसंच्या तसं उतरत नाही. ते महाग आहे, आणि आयुष्यभर पोळी-दूध किंवा भात-चिकन खाल्लेला कुत्रा एका रात्रीत कोरड्या दाण्यांवर येत नाही. मग डॉक्टर घरच्या ताटालाच हात घालतात. कलेजी बंद, हाडांचं सूप बंद, पनीर आणि दूध बेताचं. सुके बोंबील आणि सुकट तर पूर्ण बंद. कोळीवाड्यातून आलेल्या मांजरांच्या घरी हे सांगताना त्यांना सर्वांत जास्त वाद घालावा लागतो. पांढरा भात चालतो, थोडं तूप चालतं, कारण उष्मांक हवेतच. अंड्याचा पांढरा भाग उत्तम : शंभर ग्रॅममध्ये फॉस्फरस जेमतेम पंधरा मिलिग्रॅम आणि प्रथिन पहिल्या प्रतीचं. त्याच अंड्याच्या पिवळ्या बलकात तो वीसपटीहून अधिक. "पिवळं तुम्ही खा, पांढरं त्याला द्या," एवढं वाक्य काकूंच्या लक्षात राहतं. शुद्ध शाकाहारी घरात अंडंही नको म्हटलं की गणित अवघड होतं, आणि मांजर असेल तर जवळपास अशक्य. मांजर हा मांसाहारी प्राणी आहे, त्याला दही-भातावर निभावता येत नाही. घरच्या ताटाची त्या दर वेळी पुन्हा उजळणी घेतात, कारण घरी शिजवलेल्या अन्नात हळूहळू काहीतरी कमी पडत जातं.

अन्न बदलूनही फॉस्फरस उतरला नाही तर फॉस्फेट बाइंडर. अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड, लँथॅनम कार्बोनेट, कॅल्शियम कार्बोनेट, कायटोसान हे सगळे या कुळातले. बाइंडर रक्तात काही करत नाही. तो आतड्यात अन्नातल्या फॉस्फरसला धरून ठेवतो आणि शीवाटे बाहेर नेतो. म्हणून तो घासाबरोबरच गेला पाहिजे. "सकाळी उपाशीपोटी देतो, म्हणजे चांगला लागू पडेल," असं म्हणणारे मालक भेटतात; उपाशीपोटी दिलेल्या बाइंडरला धरायला काहीच नसतं. दुसरी गफलत मेडिकलच्या काउंटरवर होते. अॅल्युमिनियम हायड्रॉक्साइड मागितलं की अॅसिडिटीचं गुलाबी औषध मिळतं, ज्यात मॅग्नेशियमही असतं, आणि थकलेली किडनी मॅग्नेशियमही साठवते. कॅल्शियमवाला बाइंडर असेल तर रक्तातलं कॅल्शियम मोजत राहावं लागतं. थोडक्यात, सप्लिमेंट सुरू केलं की पुढच्या रक्ततपासणीची तारीखही ठरवायची.

माशाच्या तेलाची कहाणी बरी आहे. जॉर्जिया विद्यापीठात स्कॉट ब्राउन आणि सहकाऱ्यांनी १९९८मध्ये किडनीचा मोठा भाग काढून टाकलेल्या कुत्र्यांवर तीन चरबींची तुलना प्रसिद्ध केली : माशाचं तेल, करडईचं तेल आणि गाईची चरबी. माशाच्या तेलावरच्या कुत्र्यांची गाळणक्षमता टिकली, करडईच्या तेलावरच्यांची घसरली. महाराष्ट्रात करडई म्हणजे घरचं, हलकं, हृदयाला चांगलं तेल. त्यामुळे हे ऐकून लोक चकित होतात. कारण ओमेगा-६ आणि ओमेगा-३ यांच्या तोलात आहे : एक किडनीच्या गाळण्यांवरचा दाब आणि दाह वाढवतं, दुसरं कमी करतं. जवसातही ओमेगा-३ आहे, पण ते ज्या रूपात असतं त्याचा उपयोग करून घेणं मांजराच्या शरीराला फारसं जमत नाही, म्हणून मासाच हवा.

इथेही एक फसगत आहे. घराघरांत असलेल्या सोनेरी कॅप्सूल बहुतेकदा कॉड लिव्हर ऑइलच्या असतात, म्हणजे माशाच्या यकृताच्या तेलाच्या. त्यात ए आणि डी ही जीवनसत्त्वं भरपूर. लहान मुलांसाठी ठीक, पण किडनीच्या जनावरात ए साचतं आणि डी कॅल्शियम वाढवतं. डॉक्टर दोन्ही डबे शेजारी ठेवून दाखवतात. रंग एकच, वास जवळपास एकच.

पोटॅशियमचा धडा त्यांना मांजरांनी दिला. चिंगी नावाची एक तिरंगी मांजर मान छातीवर टाकून, डोळे वर करून बघत टोपलीतून बाहेर आली. घरच्यांना वाटलं, मानेला लागलं असेल. क्रिएटिनिन २.४, म्हणजे फार नाही, पण पोटॅशियम खूप उतरलेलं. किडनीचा आजार असलेली मांजर भरपूर लघवी करते, थोडं खाते, आणि पोटॅशियम वाहून जातं. स्नायू ढिले पडतात, सर्वांत आधी मानेचे. पोटॅशियम ग्लुकोनेट सुरू केल्यावर काही दिवसांत मान वर आली. सप्लिमेंटने डोळ्यांदेखत काम केल्याचं याहून स्वच्छ उदाहरण त्यांच्याकडे नाही, कारण इथे काय कमी आहे ते मोजलेलं होतं आणि नेमकं तेच भरलं होतं.

पण चिंगीची पावडर ब्रूनोला चालली नसती. कुत्र्यांत, विशेषतः लघवीतलं प्रथिन थांबवण्यासाठी बेनाझेप्रिल किंवा टेल्मिसार्टन चालू असेल तर पोटॅशियम उलट वाढतं, आणि फार वाढलं तर हृदयाची लय बिघडते. अशा एका कुत्र्याचं पोटॅशियम का वाढतंय ते शोधताना डॉक्टरांना घरातल्या आजींनी सहज सांगितलं, "रोज एक शहाळं देते त्याला. किडनीला थंड." नारळपाणी हे पोटॅशियमने भरलेलं पेय आहे. ते पिशवीत आलं नव्हतं, कारण ते कोणाला औषध वाटतच नव्हतं. तेव्हापासून डॉक्टरांच्या प्रश्नांच्या यादीत शहाळं, जवाचं पाणी, सब्जा, काढे आणि देवळातला प्रसादही आला. प्रसादातल्या मनुका तर कुत्र्याच्या किडनीला थेट विषारी. द्राक्षं आणि मनुका यांनी धडधाकट कुत्र्याचीही किडनी बंद पडू शकते.

परदेशातून येणाऱ्या बाटल्या हा वेगळाच अध्याय. कुत्रा आणलेला असतो मुलाने. मुलगा न्यू जर्सीला, कुत्रा आई-बाबांकडे. अपराधभाव सूटकेसमध्ये भरून येतो. अशाच एका घरी मांजरासाठी प्रोबायोटिकच्या कॅप्सूल आल्या. आतड्यातले जिवाणू रक्तातला नायट्रोजनयुक्त कचरा खाऊन टाकतात, अशी त्यामागची कल्पना. या प्रकारातली काही उत्पादनं शीतपेटीत ठेवायची असतात आणि जठरातल्या आम्लातून जिवाणू जिवंत जावेत म्हणून कॅप्सूलवर खास आवरण असतं. या कॅप्सूल विमानतळ, टॅक्सी आणि एप्रिलमधलं पुणं पाहून आल्या होत्या. वर मांजर कॅप्सूल गिळेना म्हणून आजोबा ती फोडून भातावर भुरभुरवत. २०११मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नेमकं हेच तपासलं होतं : दहा मांजरं, अन्नावर भुरभुरवलेलं असंच जिवाणूंचं मिश्रण, रक्तातल्या आकड्यांत काहीही फरक नाही. डॉक्टरांनी ते आजोबांना सांगितलं आणि व्हिडिओ कॉलवर मुलालाही. मुलाने विचारलं, "मग पाठवू काय?" त्यांनी दहा ग्रॅमचा फरक दाखवणारा लहान बाळांचा वजनकाटा सुचवला. चार किलोच्या मांजरात दोनशे ग्रॅमची घट म्हणजे विसावा हिस्सा गेला; तो घरच्या मोठ्या काट्यावर दिसतही नाही.

पुनर्नवा, गोखरू, वरुण, पाषाणभेद ही नावं महाराष्ट्रात मूत्रविकारांशी पिढ्यान् पिढ्या जोडलेली आहेत, आणि डॉक्टर त्यांची थट्टा करत नाहीत. पण 'वनस्पती आहे, अपाय तर नाही ना' हे वाक्य त्या पुढे जाऊ देत नाहीत. बेल्जियममध्ये १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला वजन कमी करण्यासाठी चिनी वनौषधी घेतलेल्या अनेक स्त्रियांच्या किडन्या निकामी झाल्या. मिश्रणात चुकून आलेल्या एका वनस्पतीतलं अॅरिस्टोलोकिक आम्ल त्याला कारण होतं. ज्या पुडीवर घटक आणि प्रमाण लिहिलेलं नाही ती टेबलावरून परत पिशवीत जात नाही. ज्यावर सगळं लिहिलेलं आहे, त्याच्यासाठी पुन्हा तेच दोन प्रश्न. ब जीवनसत्त्वं या परीक्षेत उतरतात : ती पाण्यात विरघळतात, जास्त लघवीबरोबर वाहून जातात, स्वस्त आहेत आणि इंजेक्शनने देता येतात, म्हणजे भुकेवर बोजा नाही. लोहाचं टॉनिक सहसा उतरत नाही. किडनीच्या आजारातला पंडुरोग मुख्यतः एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक कमी पडल्यामुळे येतो; लोहाने तोंडाला कळकट चव येते, पोट बिघडतं आणि हिमोग्लोबिन तिथल्या तिथे राहतं.

पिशवीत नसलेल्या गोष्टी पुष्कळदा जास्त महत्त्वाच्या निघतात. वरचा रक्तदाब १८०च्या वर गेलेली मांजर एका सकाळी भिंतीला धडकत फिरू लागते, कारण डोळ्यामागचा पडदा सुटलेला असतो. तिला अॅम्लोडिपिनचा कणभर तुकडा हवा असतो. आजींच्याच गोळीतला तो तुकडा, पण मोजलेला. लंगडणाऱ्या कुत्र्याला घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक देणं हा तर किडनीवर सरळ घाव. डायक्लोफेनॅक दिलेल्या गुरांचं मांस खाऊन उपखंडातली गिधाडं किडनी बंद पडून मेली, हे २००४मध्ये सिद्ध झालं आणि २००६मध्ये भारताने पशुवैद्यकीय वापरासाठी त्यावर बंदी घातली. माणसांच्या गोळ्या मात्र प्रत्येक घरात असतातच. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून, उंदरांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस येतो. त्यातून वाचलेल्या कुत्र्याची किडनी अनेकदा कायमची अर्धी होते. गोचिडांमुळे येणारा एर्लिकिया वर्षानुवर्षं अंगात दबा धरून राहतो आणि किडनीच्या गाळण्या खराब करतो. म्हणून चार वर्षांच्या कुत्र्याच्या मालकाने 'आतापासून किडनीसाठी काय सुरू करू?' असं विचारलं, तर उत्तर लेप्टोची दरवर्षीची लस आणि गोचिडांचं औषध असं येतं. हे ऐकून माणसं जरा हिरमुसतात. त्यांना डब्याचं नाव हवं असतं.

तिसऱ्या टप्प्यापासून पुढे सर्वांत उपयोगी पडतं ते साधं सलाइन. रिंगर लॅक्टेटची बाटली खिडकीच्या गजाला टांगायची, खांद्यांमधली सैल कातडी तंबूसारखी उचलायची, सुई घालायची, आणि ठरलेलं प्रमाण कातडीखाली सोडायचं. डॉक्टर हे मालकांना स्वतः शिकवतात. निवृत्त बँक अधिकारी आणि शाळेतल्या बाई यांचे हात पहिल्यांदा थरथरतात, मग महिन्याभरात ते वहीत मिलिलिटर लिहू लागतात. पाणी भरून निघालं की मळमळ कमी होते, आणि मळमळ कमी झाली की भांडं रिकामं होतं. जोडीला मॅरोपिटंटसारखं उलटीचं औषध. मांजरांसाठी कानाला लावायचं मिर्टाझापिनचं मलम अमेरिकेत २०१८मध्ये मंजूर झालं. ते डॉक्टरांना विशेष पटलं, कारण भूक वाढवणारं औषध तोंडातून द्यावं लागलं नाही तर निम्मी लढाई टळते.

ब्रूनोच्या पिशवीतल्या डब्यांपैकी शेवटी माशाचं तेल तेवढं उरलं. अन्न बदललं, बाइंडर दोन्ही जेवणांत मिसळला जाऊ लागला, टेल्मिसार्टन सुरू झालं. पुढच्या तपासणीत फॉस्फरस ४.९ आला. क्रिएटिनिन जवळपास तेवढंच होतं, आणि काका थोडे नाराज झाले. क्रिएटिनिन उतरवणं हे ध्येय नव्हतंच; ते चढण्याचा वेग मंदावणं हे होतं, हे डॉक्टरांनी कागदावर आलेख काढून दाखवलं. वजन चारशे ग्रॅमने वाढलं होतं, ते काकूंनी काट्यावर आधीच पाहिलं होतं.

चौथ्या टप्प्यात हिशेब उलटा चालतो. राजा नावाचा पंधरा वर्षांचा इंडी, क्रिएटिनिन सातच्या पुढे, तोंडात व्रण, जेवणाकडे पाठ. घरच्यांच्या वहीत दिवसभराच्या वेळा आखलेल्या : सातला हे, आठला ते, दहाला तिसरं. जबडा उघडून गोळी घालायला माणूस जवळ आला की राजा कपाटामागे जाऊ लागला होता. डॉक्टरांनी पेन घेतलं आणि एकेक ओळ खोडत गेल्या. प्रोबायोटिक, ग्लुकोसामाइन, माशाचं तेल. मग बाइंडरही, जो खातच नाही त्याच्या आतड्यात अडवायला फॉस्फरस कुठून येणार? सलाइन ठेवलं, उलटीचं औषध ठेवलं, व्रणांसाठी तोंड धुवायचं औषध ठेवलं. घरातल्या मोठ्या मुलीला हे सोडून देण्यासारखं वाटलं आणि ती तसं स्पष्ट बोलली. डॉक्टरांनी तिच्याशी बराच वेळ बोलून पुढचे आठवडे कसे असतील, कोणती लक्षणं दिसली की फोन करायचा, आणि कुठल्या टप्प्यावर त्याला शांतपणे झोपवण्याचा विचार करावा लागेल, हे सगळं न टाळता सांगितलं.

"मग किडनीचं अन्नही बंद?" वडिलांनी विचारलं.

"खात असेल तर द्या. नसेल तर नको."

"चिकन मागतो तो. तीन महिने दिलं नाही."

"उकडून द्या, मीठ घालू नका. उलटीची गोळी दिल्यावर तासाभराने," असं म्हणत डॉक्टरांनी खोडलेल्या ओळींखाली तेही वहीत लिहून दिलं, आणि सोमवारी फक्त वजन करायला घेऊन या म्हणाल्या.